दंडावरची देवीची खूण आणि बी पेशींचं आयुष्य

मावशीच्या रक्ताची जांभळ्या टोपणाची नळी त्या दिवशी माझ्याच हातात आली. परळच्या एका हॉस्पिटलात, रक्ताच्या तपासण्या होतात त्या लॅबमध्ये मी काम करते. नळीतलं थोडं रक्त घ्यायचं, त्यात चमकणारा रंग जोडलेल्या अँटीबॉडी, म्हणजे ठरावीक लक्ष्याला नेमकी चिकटणारी प्रथिनं, घालायच्या, तांबड्या पेशी फोडून टाकायच्या आणि उरलेल्या पांढऱ्या पेशी एकामागोमाग एक लेझरसमोरून सोडायच्या, असं ते काम. यंत्राचं नाव फ्लो सायटोमीटर. ज्या पेशीच्या अंगावर सीडी१९ नावाचं प्रथिन असतं ती चमकते. ती बी पेशी. आपल्या शरीरातल्या अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी हिच्यापासूनच होतात. स्क्रीनवर दर पेशीचा एक ठिपका उमटतो. निरोगी माणसाच्या रक्तात शंभर लिम्फोसाइटांमागे (हा पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) साधारण पाच ते पंधरा बी पेशी असतात, म्हणून त्या कोपऱ्यात ठिपक्यांचा लहानसा, दाट पुंजका दिसतो.

मावशीच्या स्क्रीनवर तो कोपरा कोरा होता.

मला याचं आश्चर्य वाटलं नाही. तिला ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे. बोटं सुजतात, सकाळी गॅसची शेगडी पेटवायचं बटणही फिरवता येत नाही अशी अवस्था झाली होती, तेव्हा डॉक्टरांनी रिटुक्सिमॅब दिलं. पंधरा दिवसांच्या अंतराने दोन सलाइनमधून. हे औषध बी पेशींच्या अंगावरच्या सीडी२० नावाच्या खुणेला चिकटतं आणि त्या पेशी मारून टाकतं. औषधाने काम केलं होतं, एवढाच त्या कोऱ्या कोपऱ्याचा अर्थ.

पण संध्याकाळी रिपोर्ट वाचून मावशीने दंड पुढे केला. तिथे देवीच्या लसीच्या दोन गोल खुणा आहेत, साठीतल्या बहुतेकांच्या दंडावर असतात तशा. "अगं, बी पेशी शून्य म्हणजे लहानपणी टोचलेलं सगळं पुसलं गेलं की काय?"

प्रश्न फार नेमका होता. लगेच द्यायचं उत्तर "नाही" एवढंच होतं आणि ते मी दिलं. पण ते "नाही" का, हे सांगायचं तर बी पेशी किती जगते तिथून सुरुवात करावी लागते. या प्रश्नाला एक आकडा नाही. एकाच पेशीची काही भावंडं दोन दिवसांत मरतात, काही पाच महिने काढतात, आणि काही माणसाच्या सोबत म्हातारी होतात.

आधी नावाचं. यातला बी आला तो कोंबडीमुळे. पक्ष्यांच्या शेपटीकडच्या भागात, आतड्याच्या टोकाशी एक छोटी पिशवी असते, बर्सा. ब्रूस ग्लिक नावाचा अमेरिकन विद्यार्थी ही पिशवी करते काय ते शोधत होता. पिशवी काढलेल्या त्याच्या काही कोंबड्या त्याच्या सहकाऱ्याने वर्गात प्रात्यक्षिकासाठी नेल्या. टोचल्यावर कोंबडीच्या रक्तात अँटीबॉडी कशा तयार होतात ते विद्यार्थ्यांना दाखवायचं होतं. त्या कोंबड्यांमध्ये त्या तयारच झाल्या नाहीत. फसलेल्या प्रात्यक्षिकातून लागलेला हा शोध १९५६ साली कोंबडीपालनाच्या एका संशोधनपत्रिकेत छापून आला आणि बरीच वर्षं कुणाच्या फारसा नजरेत भरला नाही. माणसाला बर्सा नसते. आपल्या बी पेशी हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे बोन मॅरोमध्ये जन्मतात. मोठ्या माणसात प्रामुख्याने कमरेचं हाड, मणके, बरगड्या आणि छातीचं मधलं हाड इथे.

जन्मताना प्रत्येक बी पेशी आपल्या जनुकांचे काही तुकडे कापून, पिसून, नव्याने जोडते. सुसुमु तोनेगावा यांना १९८७ साली नोबेल मिळालं ते याच्याच उलगड्यासाठी. या जोडकामातून तिच्या अंगावर एक पकड तयार होते. ती कशाला चिकटेल हे आधी ठरलेलं नसतं. कुणाची पकड एखाद्या जंतूला बसते, कुणाची कशालाच नाही, आणि पुष्कळांची आपल्याच शरीराला. अगदी कोवळ्या बी पेशींपैकी अर्ध्याहून जास्त जणींची पकड आपल्याच शरीरातल्या कशाला ना कशाला चिकटते, असं माणसांवरच्या अभ्यासात दिसलं आहे. त्यातल्या काहींना पकड बदलायची एक संधी मिळते. बाकीच्या तिथेच, हाडातच मरतात. मावशीच्या सांध्यांवर जो हल्ला होतो त्यात या चाळणीतून निसटलेल्या पेशींचा हात आहे.

चाळणीतून सुटलेली कोवळी पेशी रक्तातून प्लीहेत जाते आणि तिथे थोडी प्रौढ होते. तिने अजून एकही जंतू पाहिलेला नसतो. तिला जगायला दोन गोष्टी सतत लागतात. पहिली म्हणजे बॅफ नावाचं प्रथिन. शरीरातल्या इतर पेशी ते बनवतात, पण मोजकंच. रेशनच्या धान्यासारखं आहे ते. ठरावीक कोटा, आणि रांगेत जेवढ्या पेशी त्याच्यावर जगू शकतील तेवढ्याच जगणार. दुसरी गोष्ट मला जास्त विलक्षण वाटते. तिची ती पकड अंगावर शाबूत असून आतमध्ये "मी आहे" असा हलकासा संदेश तिने सतत देत राहायला हवा. १९९७ साली उंदरांवर एक प्रयोग झाला. पूर्ण वाढलेल्या, धडधाकट बी पेशींची फक्त ही पकड काढून घेतली. बाकी काही केलं नाही. त्या पेशी काही दिवसांत नाहीशा झाल्या. म्हणजे बी पेशीच्या बाबतीत मरण ही आतून लिहून ठेवलेली गोष्ट आहे, आणि ते पुढे ढकलायचा हुकूम तिला रोज मिळावा लागतो. हुकूम थांबला की पेशी स्वतःला आवरून घेते. सूज येत नाही, पू होत नाही. शेजारची भक्षक पेशी तिला गिळून टाकते.

हे मोजलं कसं, असं कुणीही विचारेल. त्याची एक सुरेख युक्ती आहे. जड हायड्रोजनची खूण असलेलं ग्लुकोज निरोगी माणसांना द्यायचं. त्या काळात ज्या पेशी विभागून नव्या होतात त्यांच्या डीएनएमध्ये ही खूण बसते. मग पुढचे काही आठवडे रक्त घेत राहायचं आणि खूण असलेल्या पेशी किती आल्या, किती गेल्या ते मोजायचं. २००५ साली असा अभ्यास प्रसिद्ध झाला. जंतू न पाहिलेल्या बी पेशींपैकी रोज अर्ध्या टक्क्याच्या आसपास बदलतात, असं त्यात आढळलं. या हिशेबाने निम्म्या पेशी बदलायला जवळजवळ पाच महिने लागतात. त्यांची जागा भरते ती हाडातून येणाऱ्या नव्या भरतीने.

त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक वाटली होती. तो पुढे सांगते. आधी जांघेतल्या गाठीकडे यायला हवं.

पायाला काही लागलं, पिकलं, की जांघेत गाठ येते. आपण म्हणतो अवधाण आलं. आजी त्यावर शेक द्यायची आणि म्हणायची, पायाची जखम बघा, गाठ आपोआप बसेल. तिचं बरोबर होतं. ती गाठ म्हणजे लसिका ग्रंथी, आणि ती सुजते त्याचं एक मोठं कारण म्हणजे आत बी पेशींची प्रचंड पैदास सुरू झालेली असते. जखमेतला जंतू वाहत वाहत तिथे पोचतो. हजारो पेशींमध्ये एखादीची पकड त्याला बसते. मदतनीस टी पेशीने, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या लिम्फोसाइटने, होकार दिला की ती विभागू लागते, सहा ते बारा तासांत एकदा, इतक्या वेगाने. आणि विभागताना ती आपल्या पकडीच्या जनुकात मुद्दाम चुका करते. शरीरातली दुसरी कोणतीही पेशी हे असं धाडस करत नाही.

चुकांमुळे तिच्या बहुतेक लेकी-पेशींची पकड ढिली होते. थोड्यांची घट्ट होते. मग जंतूचा तुकडा मिळवायची स्पर्धा लागते. जी तो जास्त खेचून आणते तिला टी पेशीकडून जगायची परवानगी मिळते. बाकीच्या काही तासांत मरतात. सूक्ष्मदर्शकाखाली अशा गाठीचा छेद पाहिला की मधे मोठ्या, फिकट भक्षक पेशी दिसतात आणि त्यांच्या पोटात काळपट कण. हे कण म्हणजे मेलेल्या बी पेशींचे अवशेष. दोन-तीन आठवडे रोज हेच चालतं. शेवटी जी घट्ट, नेमकी पकड उरते तिच्यामागे असंख्य पेशींचं मरण असतं. आणि हे मरण जिथे अडतं तिथे आजार होतो. फॉलिक्युलर लिम्फोमा या कर्करोगात जनुकांची एक अदलाबदल होऊन बीसीएल२ नावाचं प्रथिन भरमसाट बनतं. हे प्रथिन पेशीला मरू देत नाही. ज्या पेशी संपायला हव्या होत्या त्या साचत जातात आणि गाठी वाढतात.

या गाठीतून जिंकून बाहेर पडणाऱ्यांच्या दोन वाटा. काही स्मृती-पेशी होतात, काही अँटीबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी.

आता तो दुसरा आकडा. मला वाटायचं, स्मृती-पेशी म्हणजे गोष्ट लक्षात ठेवून वर्षानुवर्षं शांत बसून राहिलेली पेशी. पण त्या अभ्यासात रक्तातल्या स्मृती-पेशी रोज अडीच टक्क्यांहून थोड्या जास्त बदलत होत्या. जंतू न पाहिलेल्या पेशींच्या पाचपटीहून जास्त वेगाने! निम्म्या पेशी महिनाभरात नव्या.

मग आठवण टिकते कुठे? मावशीचं माहेर गिरगावचं. तिथल्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. पहिल्या वर्षी मूर्ती आणणाऱ्यांपैकी आज कुणी नाही. त्यांची मुलं नाहीत, नातवंडंही म्हातारी होऊन गेली. तरी उत्सव तोच आहे, कारण दर पिढीने पुढच्या पिढीच्या हातात सगळं देऊन ठेवलं. स्मृती-पेशींचं तसंच आहे. एक पेशी विभागते, दोघींमध्ये तीच नेमकी पकड जाते, एक मरते, एक उरते. संख्या तेवढीच राहते, पेशी मात्र बदललेली असते. जगतं ते घराणं.

याचा पुरावा देवीच्या लसीनेच दिला. देवीचा नैसर्गिक संसर्ग झालेला जगातला शेवटचा रुग्ण १९७७ साली सोमालियात सापडला, भारतातला त्याच्या दोन वर्षं आधी. त्यानंतर हा विषाणू माणसांमध्ये फिरलेला नाही. म्हणजे शरीराला आठवण करून द्यायला तो पुन्हा आलेलाच नाही. तरीही लस घेऊन पन्नासहून अधिक वर्षं झालेल्या माणसांच्या रक्तात त्या लसीला ओळखणाऱ्या स्मृती-पेशी सापडल्या. हा अभ्यास २००३ सालचा. लसीनंतर सुरुवातीला त्यांची संख्या घटते, मग एका पातळीवर स्थिर होते आणि तिथेच राहते. त्यांचं मोठं कोठार प्लीहेत असतं हेही पुढे कळलं. रक्तात दिसतात ते शरीरातल्या एकूण लिम्फोसाइटांपैकी जेमतेम दोन टक्के. मावशीचा तो कोरा कोपरा म्हणजे रक्तातलं चित्र, प्लीहेतलं आणि गाठींतलं नव्हे. तिथे औषध इतकं साफ काम करत नाही.

आणि आता ज्यांच्यामुळे माझं "नाही" इतकं ठाम होतं त्या प्लाझ्मा पेशी.

बोन मॅरोची काच लिशमन रंगात रंगवून पाहिली तर शंभर पेशींत दोन-तीन अशा दिसतात. एकदा ओळखल्या की विसरत नाही. लांबट अंडाकृती पेशी, गडद निळी, आणि केंद्रक मधे नसून एका कडेला सरकलेलं. केंद्रकातले गडद ठिपके गोलाकार मांडलेले, घड्याळाच्या तबकडीवरच्या आकड्यांसारखे. केंद्रकाला लागून एक फिकट चंद्रकोर. अँटीबॉडी बांधून पाठवायची जागा ती. तो निळा रंग येतो प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेमुळे. पेशी तिने गच्च भरलेली असते. दर सेकंदाला हजारो अँटीबॉडी ती बाहेर सोडते. ही पेशी आता विभागत नाही. घराणं वगैरे नाही. जी आहे ती हीच.

बहुतेक प्लाझ्मा पेशी काही दिवसांतच मरतात. ताप उतरला, काम झालं. पण थोड्या बोन मॅरोपर्यंत पोचतात, आणि तिथे त्यांना ठरावीक आधार-पेशींच्या शेजारी जागा मिळाली तर त्या टिकतात. जागा मोजक्याच आहेत. मुंबईकराला हे जास्त समजावून सांगायला नको. शेजारणी त्यांना जगायला लागणारी प्रथिनं पुरवतात आणि तेवढ्यावर त्या वर्षानुवर्षं बसून अँटीबॉडी बनवत राहतात. बी पेशींची नवी कुमक न येताही त्या टिकतात, हे नव्वदच्या दशकात उंदरांमध्ये दाखवलं गेलं.

यातला हिशेब स्वतः करून पाहण्यासारखा आहे. रक्तातली आयजीजी जातीची अँटीबॉडी साधारण तीन आठवड्यांत निम्मी होते. बनवणाऱ्या पेशी आज थांबल्या तर तीन आठवड्यांनी निम्मी, सहाने पाव, आणि वर्षभरात लाखातला एक भागसुद्धा उरणार नाही. लहानपणी गोवर येऊन गेलेल्या माणसाच्या रक्तात साठीतही गोवरच्या अँटीबॉडी सापडतात. म्हणजे त्या गेल्या महिन्यात बनलेल्या असतात, जुन्या कारखान्यात. २००७ साली अमेरिकेत ४५ जणांच्या वर्षानुवर्षं जपलेल्या नमुन्यांवरून गणित मांडलं गेलं. धनुर्वाताच्या अँटीबॉडी निम्म्या व्हायला ११ वर्षं लागतात, देवीच्या लसीच्या निम्म्या व्हायला ९२ वर्षं. गोवरच्या तर एका आयुष्यात घटल्याचं जाणवतही नाही. 

सर्वांत थक्क करणारा पुरावा १९१८ च्या फ्लूच्या साथीचा. जून १९१८ मध्ये तो ताप मुंबईच्या गोदीतून शहरात शिरला आणि इथून रेल्वेने देशभर गेला. भारतात त्यात एक कोटीहून जास्त माणसं गेली. त्या साथीच्या काळात लहान असलेल्या ३२ अमेरिकन वृद्धांचं रक्त २००८ साली तपासलं गेलं. सगळे नव्वदीच्या पुढचे. नव्वद वर्षांपूर्वीच्या त्या विषाणूला पकडणाऱ्या अँटीबॉडी त्यांच्यात होत्या, आणि काहींच्या रक्तातून ती बनवणारं बी पेशींचं घराणंसुद्धा वेगळं काढता आलं.

तर मावशीच्या प्रश्नाचं उत्तर. रिटुक्सिमॅब सीडी२० पाहून मारतं. प्लाझ्मा पेशी होताना ती खूण गळून पडते. त्यामुळे मावशीच्या हाडांत बसलेल्या त्या निळ्या पेशींना हे औषध ओळखतच नाही. देवीच्या, गोवरच्या, धनुर्वाताच्या अँटीबॉडी बनत राहतात. आपल्याच शहरात, पवईच्या आयआयटीने आणि टाटा मेमोरियलने मिळून विकसित केलेल्या आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळालेल्या कार-टी उपचारात रुग्णाच्याच टी पेशींना सीडी१९ असलेली प्रत्येक पेशी मारायला शिकवलेलं असतं, कर्करोगाची आणि चांगलीही. परदेशात अशा प्रकारचा उपचार घेतलेल्यांच्या रक्तात बी पेशी शून्यावर असताना वर्षभर जुन्या लसींच्या अँटीबॉडी टिकलेल्या दिसल्या. हाडातल्या बऱ्याच जुन्या प्लाझ्मा पेशींवर सीडी१९ सुद्धा नसतं.

मात्र मावशीला मी अर्धीच गोष्ट सांगून सोडलं नाही. जुनं राहतं, पण नवं शिकता येत नाही. बी पेशी नसताना फ्लूची लस घेतली तर ती शिकायची कुणी? म्हणून शक्यतो लस आधी आणि औषध निदान महिनाभराने, असा क्रम डॉक्टर लावतात. शिवाय डोस पुन्हा पुन्हा घेतले तर अँटीबॉडीची एकूण पातळी हळूहळू उतरू शकते. म्हाताऱ्या होऊन मरणाऱ्या प्लाझ्मा पेशींची जागा भरायला मागून कुणी येत नसतं. त्यासाठी मधूनमधून आयजीजी तपासायचं. संधिवाताचे रुग्ण हे औषध घेत असतील तर दोन्ही गोष्टी त्यांनी आपल्या डॉक्टरांना जरूर विचाराव्यात.

आणि एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. जुनी आठवण पुसणारी एक गोष्ट खरंच आहे आणि ती औषध नाही. तो गोवर आहे. गोवरचा विषाणू नेमका स्मृती-पेशींमध्ये शिरून त्यांना मारतो. लस न घेतलेल्या ७७ मुलांचं गोवर येण्याआधीचं आणि नंतरचं रक्त तपासलेला अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. मुलांनी तोवर कमावलेल्या वेगवेगळ्या अँटीबॉडींपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशा झाल्या होत्या. पुरळ आठवड्यात जातं, पण मूल पुढे न्यूमोनियाला, जुलाबांना पुन्हा नव्याने बळी पडतं. २०२२ च्या नोव्हेंबरात गोवंडीत गोवरची साथ आली तेव्हा पुरळ उठलेल्या मुलांना कडेवर घेऊन आलेल्या आया मी पाहिल्या आहेत. लसीतला विषाणू हे नुकसान करत नाही. नवव्या महिन्यात एक आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसरा, असे दोन डोस सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. नवव्या महिन्याआधी सहसा देत नाहीत, कारण आईच्या अँटीबॉडी बाळाच्या अंगात तोवर थोड्याफार शिल्लक असतात आणि त्या लसीलाच निकामी करतात. ही एकच लस, आणि ती बाकी सगळ्या आठवणी राखते.

गेल्या आठवड्यात मावशीची नळी पुन्हा आली. औषधाला आठ महिने झाले होते. कोपऱ्यात ठिपके होते, विरळ, बोटांवर मोजता येतील इतके. आणखी दोन रंग घालून पाहिलं तर सीडी२४ आणि सीडी३८ दोन्ही झळझळीत चमकत होते. तान्ह्या बाळाच्या रक्तात पुष्कळ दिसणाऱ्या, हाडातून नुकत्याच निघालेल्या कोवळ्या बी पेशींची ही खूण. स्मृती-पेशी अजून जवळजवळ नाहीत. त्यांना परतायला बराच जास्त काळ लागतो.

पुढच्या डोसआधी फ्लूची लस घ्यायची असं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. संध्याकाळी रिपोर्टचा कागद मावशीसमोर ठेवला आणि कोपरा दाखवला. तिने चष्मा लावला, कागद खिडकीशी उजेडात नेला आणि बोटाने ठिपके मोजायला लागली.